आईचे केस पेपर मिळवताना

आईच्या स्तनातील गाठीची शस्त्रक्रिया एका खासगी रुग्णालयात झाली आणि केमोथेरपी सुरू होण्याआधी दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञांचे मत घ्यावे, असे तिनेच ठरवले. हाती होते केवळ डिस्चार्ज कार्ड. दुसरीकडे मात्र शस्त्रक्रियेची नोंद, काखेतील लसिकाग्रंथींचा अहवाल आणि गाठीचे मेणातील ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले गाठीचे तुकडे, मागितले गेले; संप्रेरकांच्या व हर-टू या प्रथिनाच्या चाचण्या त्याच ब्लॉकवर पुन्हा करता येतात आणि पुढील उपचार बव्हंशी त्यांवरच ठरतात.

रेकॉर्ड विभागात ‘फाइल बाहेर देत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. मूळ फाइल आम्हाला नकोच होती. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास पोच देऊन ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावी लागतात, हे नमूद करून आम्ही वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज केला. महाराष्ट्रात २०२१ मध्ये सुधारलेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे. ती तेथे होतीही, पण बिलाच्या खिडकीमागे, जिथे पैसे मोजताना कोणाचे लक्ष जाणार!

अर्जावर आईची सही होती. तरीही कारकून ‘तुमच्या आईंना कशासाठी हवंय हे?’ असे मलाच विचारत राहिले. शेजारी बसलेली आई म्हणाली, ‘मला विचारा ना, आजार मला झालाय.’ त्यानंतर आवक शिक्का लगेच पडला. झेरॉक्सचे पैसे भरून मुदतीत प्रती मिळाल्या. ब्लॉक पॅथॉलॉजी विभागाने वेगळी पोच लिहून घेऊन दिले. अर्जाची शिक्का मारलेली प्रत जपून ठेवावी, कारण मुदत त्याच तारखेपासून मोजता येते.

दुसऱ्या डॉक्टरांनी खुर्ची आईकडे वळवून अहवाल तिला समजावला. गाठ संप्रेरकांना प्रतिसाद देणारी असल्याने संप्रेरकविरोधी गोळ्यांचा उपयोग मोठा होता, तर तिच्या बाबतीत केमोथेरपीचा वाढीव फायदा थोडाच होता. ‘केमो घेतली नाही तर काय होईल?’ हा प्रश्न तिला प्रथमच विचारता आला. घरी येऊन तिने दोन दिवस विचार केला आणि गोळ्यांची निवड केली. नियमित तपासणीसाठी घराजवळचे म्हणून पहिलेच रुग्णालय तिने कायम ठेवले.