ताशी सहा किलोमीटर

दर रविवारी पहाटे नागपूरहून रामटेकला जाऊन परत येणारा आमचा सायकलवाल्यांचा ग्रुप आहे. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. त्यामुळे जानेवारीतल्या मॅरेथॉनला सायकलवर स्वयंसेवक पाहिजेत असा मेसेज आला, तेव्हा मी विचारबिचार न करता नाव देऊन टाकलं. हाफ मॅरेथॉन म्हणजे एकवीस किलोमीटर आणि थोडे मीटर. एवढं तर आम्ही पहिल्या चहाच्या आत मारतो.

शनिवारी संध्याकाळी सिव्हिल लाइन्समधल्या एका हॉलमध्ये मीटिंग झाली. दीड तासातला सव्वा तास टी-शर्टचे साइज आणि गाड्या कुठे लावायच्या यातच गेला. कामाचं बोलल्या त्या फक्त डॉक्टरबाई. पळणारा एकदम थांबला की पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलायचं थांबवतात, रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. म्हणून त्याला थांबू द्यायचं नाही, हळूहळू चालवत ठेवायचं. पडलाच तर आडवं करून पाय वर. आणि एखादा असंबद्ध बोलायला लागला, स्वतःचं नावही धड सांगेना, तर त्याच्या तोंडात पाण्याची बाटली खुपसायची नाही. नुसतं पाणी ढसाढसा पिऊनही रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस असाच बरळतो. सरळ अँब्युलन्सला फोन.

मग कामं वाटली. पुढच्या धावपटूंसोबत कोण, यावर आमच्यात थोडी चढाओढ झाली. पण तिथे मजा नाहीच. शर्यतीत नसलेल्या माणसाने पळणाऱ्याला वेग धरून देणं नियमात बसत नाही, त्याचा फटका त्या धावपटूलाच बसू शकतो. म्हणून पुढच्या सायकलवाल्याने बरंच पुढे राहून रस्ता मोकळा करत जायचं, बस. मला मिळालं शेपूट. सगळ्यांत शेवटचा जो असेल त्याच्या मागे राहायचं, त्याला एकटं सोडायचं नाही. वेळेची मर्यादा साडेतीन तासांची. मी मनातल्या मनात भागाकार केला : ताशी सहा किलोमीटर. आणि त्यात काय आहे, असं स्वतःला सांगून झोपलो.

पावणेसहाला कस्तुरचंद पार्कवरून सगळे सुटले तेव्हा मिट्ट अंधार होता आणि थंडी अशी की ब्रेकवर बोटं वळेनात. माझ्या पिशवीत ओआरएसची पाकिटं, दुखण्यावर मारायचा स्प्रे, सेफ्टी पिना, शिट्टी आणि व्हॅसलिनची डबी. व्हॅसलिन कशाला, हा मलाही प्रश्न होता. पहिल्या तासात काखा-मांड्या घासलेल्या तिघांनी ती डबी अर्धी केली.

चूक माझी अशी की मी माझी रोडबाइकच नेली. क्लीटवाले बूट पॅडलमध्ये अडकवलेले, पातळ टायर, हँडल खाली वाकलेलं. तिशीच्या वेगात ही सायकल लोण्यासारखी चालते. सहाच्या वेगात ती दारूड्यासारखी झुलते. जपानी गार्डनच्या चौकात पुढचे काका बुटाची लेस बांधायला अचानक खाली बसले, मी ब्रेक मारला, उजवा बूट काही सुटेना, आणि मी सायकलसकट सावकाश, अगदी सन्मानाने आडवा झालो. ट्रॅफिकचा हवालदार धावत आला. म्हणाला, "भाऊ, तुम्ही मदत करून राहिले का घेऊन राहिले?" त्यानंतर मी दोन्ही क्लीट मोकळे ठेवून नुसत्या टाचेने पॅडल मारलं. पोरीची साधी, सरळ हँडलची हायब्रिड सायकल घरी धूळ खात उभी होती.

सेमिनरी हिल्सच्या चढावर शेपटाचं चित्र स्पष्ट झालं. शेवटी उरल्या एक काकू. साठीच्या आसपास, पंजाबी ड्रेस, माकडटोपी, मनगटावर मुलाचं मोठं जीपीएस घड्याळ. पळत नव्हत्याच, झपाझप चालत होत्या, आणि उतार आला की चार पावलं धावून घ्यायच्या. मागून येणारी बस, दमलेल्यांना गोळा करणारी, दर पंधरा मिनिटांनी शेजारी यायची. आतला पोरगा दार उघडून "काकू, बसा ना" म्हणायचा. तिसऱ्या वेळेस काकूंनी त्याला सुनावलं, "मी पैसे भरले आहे ना? मग? बसमध्ये बसायला भरले का?" त्यानंतर बस आमच्यापासून अंतर राखून राहिली.

फुटाळ्याला उजाडलं. तलावावर धुकं, कठड्यावर मॉर्निंग वॉकवाले, त्यातले दोघे-तिघे टाळ्या वाजवायचे आणि लगेच आपल्या गप्पांत परत. काकूंनी टोपी काढून माझ्या हँडलला अडकवली.

लक्ष्मीनगरला पुढचा एक तरुण मुलगा लंगडत गाठला गेला. पोटरीत गोळा. त्याला कठड्याला धरून उभं केलं, टाच जमिनीला टेकवून पोटरी ताणायला लावली, ओआरएस दिलं. जरा बरं वाटलं तसं त्याने विचारलं, किती राहिलं? मी उत्साहाच्या भरात म्हणालो, "बस, तीनच!" खरे पाच होते. तो बिचारा उरलंसुरलं सगळं काढून पळत सुटला. राहाटे कॉलनीच्या पुढे दुभाजकावर बसलेला दिसला. समोर किलोमीटरची पाटी. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाला, "खोटं काहून सांगितलं, दादा?" मला उत्तर सुचलं नाही. पळणाऱ्याने शिल्लक ताकद आकड्यावर मापून ठेवलेली असते, हे त्याआधी मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि रामटेकच्या रस्त्यावर ते कळायची शक्यताही नव्हती. तो उठून चालत पुढे गेला. त्यानंतर मी विचारणाऱ्याला पाटीवरचा आकडाच सांगितला.

साडेआठनंतर वर्धा रोडवरची एक बाजू वाहनांना खुली झाली. ट्रॅफिकचे कोन उचलले गेले. तेव्हा खरं काम सुरू झालं. काकू डाव्या कडेने, मी त्यांच्या उजवीकडे, अर्धं चाक मागे, म्हणजे ऑटोवाला आधी मला पाहील. हॉर्न, धूर, एक जण तर खिडकीतून डोकं काढून "मॅरेथॉन संपली नाही का अजून?" विचारून गेला. पाणी देणारा शेवटचा टेबलही गुंडाळलेला. आयोजकांनी शेवटच्या माणसाचा हिशेब धरलेलाच नसतो, याचा मला राग आला आणि अजून आहे. माझ्या बाटलीतलं पाणी आम्ही दोघांनी वाटून प्यायलो.

व्हरायटी चौक गेला, आणि झिरो माईलच्या त्या चार घोड्यांच्या पुतळ्यांसमोर काकू चक्क थांबल्या. मनगट माझ्यापुढे धरलं. एकवीस पूर्णांक एक. "घड्याळ म्हणते झालं!"

आता हे कसं समजवायचं? रस्त्याची रीतसर मोजणी सायकलनेच होते, पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचा आकडेमोड्या लावून. वळणावर आतल्या कडेने, सगळ्यांत जवळची वाट धरून मोजतात, वर किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा, म्हणजे अंतर कमी पडायला नको. आपण मात्र खड्डा चुकवतो, वळण बाहेरून घेतो, पाण्याच्या टेबलाकडे आडवे जातो. घड्याळ ते सगळं मोजतं. मी अर्धं सांगेपर्यंत काकूंनी हात झटकला. "म्हणजे राहिलंच आहे ना? मग थांबवलं काहून मला?"

कस्तुरचंद पार्कात शिरलो तेव्हा कमानीवरची घड्याळाची पाटी उतरवत होते. सव्वानऊला दोन मिनिटं कमी. मेडलवाली पोरगी शहाणी, खोका बंद केलेला परत उघडला. काकूंना मी थांबू दिलं नाही, मैदानाला एक चक्कर चालवली.

मग तर्री पोहे. काकूंनी दोनदा तर्री मागून घेतली. साडेतीन तास ब्रेक आवळून माझा उजवा हात असा अखडला होता की चमचा बोटांत राहीना, दोनदा पोहे शर्टावर सांडले. त्यांनी हँडलवरची टोपी काढून घेतली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि ठेलेवाल्याला म्हणाल्या, "याला अजून एक प्लेट दे रे. सायकलवर बसून बसून थकला तो."