अर्ध्या सावलीतले जुने गुलाब : आमच्या रोपवाटिकेची वाटचाल

पाने हिरवीगार, उंची भरपूर, पण कळी एकही नाही. आमच्याकडे परत येणाऱ्या गुलाबांबद्दल बहुतेक वेळा हीच तक्रार असायची. पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या पट्ट्यात आमची छोटी रोपवाटिका आहे आणि सुरुवातीची काही वर्षे आम्ही इतरांसारखेच हायब्रिड टी गुलाब विकत होतो : लांब दांडा, मोठी कळी, खुंटावर डोळा भरलेले (म्हणजे जंगली गुलाबाच्या बुंध्यावर हव्या त्या जातीचा डोळा बांधलेले) रोप. ही रोपे पुण्यातल्या सोसायट्यांत जात. तिथे बंगल्यांच्या जागी सात-आठ मजली इमारती उभ्या राहिल्या आणि अंगणातले ऊन निम्म्यावर आले. हायब्रिड टीला रोज किमान सहा तास थेट ऊन लागते. चार तासांत तो जगतो, वाढतो, पण फुलायला लागणारी साखर त्याच्या पानांत तयार होत नाही. खत वाढवले की पाने आणखी हिरवी होतात आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते, इतकेच.

म्हणून आम्ही दोन गोष्टी बदलल्या. गिऱ्हाइकाला रंग विचारण्याआधी ऊन विचारायला लागलो, आणि जुन्या वर्गांतले गुलाब स्वतःच्या मुळांवर तयार करायला लागलो. 1867 च्या आधी अस्तित्वात असलेल्या वर्गांना जगभर ‘जुने गुलाब’ म्हणतात. ते सगळेच सावलीत चालतात असे मात्र नाही. त्याकडे पुढे येतोच.

आधी ऊन. पुण्यात 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 48 अंशांवर, दक्षिणेकडे असतो. म्हणजे 30 फूट उंच भिंतीची सावली उत्तरेला 27 फुटांपर्यंत पडते. उलट मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला असतो. शून्य सावलीचे, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचे, दोन दिवस ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे लगेच कळेल. यातून निघणारी गोष्ट फार महत्त्वाची आहे. उत्तरेच्या भिंतीलगतच्या वाफ्यात मे महिन्यात ऊन दिसते, म्हणून लोक जूनच्या पावसात तिथे गुलाब लावतात. मग ढग येतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या खऱ्या बहराच्या काळात त्या वाफ्याला थेट ऊन अजिबात मिळत नाही. दक्षिणेच्या गॅलरीचे उलटे असते. हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येते आणि मेमध्ये वरचा स्लॅब सावली धरतो. आमच्या मते शहरातल्या गुलाबासाठी याहून चांगली जागा नाही.

दुसरी चांगली जागा पूर्वेची. सकाळच्या उन्हाने पानांवरचे दव लवकर सुकते आणि एप्रिलच्या दुपारी झाडाला आपोआप आडोसा मिळतो. पश्चिमेचे चार तास आणि पूर्वेचे चार तास कागदावर सारखे दिसतात, पण पश्चिमेला उन्हाळ्यात पाकळ्यांच्या कडा करपतात आणि हिवाळ्यात पाने उशिरापर्यंत ओली राहतात.

ऊन मोजायला यंत्र लागत नाही. जिथे रोप लावायचे तिथे एक काठी रोवा आणि सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला पाहा. काठीच्या सावलीची कड स्पष्ट असेल तर तो तास धरायचा, पुसट असेल तर सोडायचा. हे 15 नोव्हेंबर ते जानेवारीअखेर या काळातच करावे. इतर महिन्यांत मोजायचे असेल तर समोरच्या इमारतीची उंची आणि अंतर सांगा, आम्ही हिशेब करून देतो. उदाहरणार्थ, आग्नेयेला 80 फुटांवर 45 फूट उंच इमारत असेल तर डिसेंबरात तिच्यावरून ऊन यायला साधारण साडेनऊ वाजतात.

तीन तासांपेक्षा कमी ऊन असेल तर आम्ही गुलाब देत नाही. तिथे नागवेल, फर्न, पीस लिली लावा. विक्री जाते, पण वर्षभर फुलाची वाट पाहून हिरमुसलेला माणूस बागकामच सोडतो, आणि ते आम्हाला नको असते.

आता जुन्या गुलाबांच्या वर्गांकडे. इंग्लंडमधल्या याद्यांमध्ये सावलीसाठी ‘अल्बा’ वर्गातले गुलाब सुचवलेले असतात. तिथे ते बरोबरही आहे. पण अल्बा, गॅलिका आणि वर्षातून एकदाच फुलणारे दमास्क यांना कळी धरण्यासाठी हिवाळ्याची थंडी लागते. पुष्करचा किंवा कन्नौजचा दमास्क तिकडच्या थंडीनंतर उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतो, म्हणून त्याला चैती गुलाब म्हणतात. दख्खनमध्ये हिवाळ्यातही दुपारचा पारा 28-30 अंशांवर जातो, त्यामुळे हे गुलाब इथे फक्त पाने काढत राहतात. आपल्याकडे उपयोगाचे आहेत ते मुळात उष्ण हवेतून आलेले किंवा त्यांच्या रक्ताचे : चायना, टी आणि बूर्बोन.

बूर्बोन गुलाबाचे मूळ हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर आहे. या बेटाचे जुने नाव बूर्बोन. तिथे कुंपणाला लावलेल्या चायना आणि दमास्क गुलाबांचा आपोआप संकर झाला आणि 19 व्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे बी पॅरिसला पोचले. हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळपास तितक्याच अंशांवर आहे जितके आपले नागपूर उत्तरेला. आपल्याकडचा ‘एडवर्ड’ याच कुळातला. गावठी गुलाब म्हणून जो गडद गुलाबी, भरपूर वासाचा गुलाब लावला जातो, तो अनेकदा हाच असतो. चार-साडेचार तासांच्या उन्हात तो व्यवस्थित फुलतो. गुलकंदासाठी पाकळ्या हव्या असतील तर पाच तास तरी द्यावेत.

चायना वर्गातला ‘ओल्ड ब्लश’ हा आमचा सर्वांत भरवशाचा. फिकट गुलाबी, अर्धवट भरगच्च फूल, घोसांनी येणारे. साडेतीन तासांतही तो फुलतो, फक्त घोसातली फुले कमी होतात. गडद लाल ‘क्रामोइसी सुपेरिअर’ (1832) भर उन्हात एका दिवसात काळपटतो, पण दुपारच्या सावलीत तेच फूल तीन-चार दिवस टिकते. ‘म्युटॅबिलिस’ पिवळसर उघडून पुढे गुलाबी आणि किरमिजी होतो. हा रंगबदल उन्हावर अवलंबून असल्याने सावलीत तो फिकट राहतो, हे घेण्याआधी माहीत असावे. ‘हिरवा गुलाब’ हाही चायनाच. त्याला पाकळ्यांऐवजी हिरवी पानांसारखी दले असतात, त्यामुळे पावसात कुजण्यासारखे फारसे काही नसते आणि सावलीची तक्रार तो सर्वांत कमी करतो.

जे नाकारले तेही सांगतो. ‘सूव्हनीर द ला मालमेझों’ (1843) हा देखणा बूर्बोन. पण त्याच्या कळीत पाकळ्या इतक्या दाटीने भरलेल्या असतात की दमट सावलीत बाहेरच्या पाकळ्या चिकटून कळी उघडतच नाही, तपकिरी होऊन गळते. तो आम्ही फक्त पूर्वेच्या मोकळ्या जागेसाठी देतो. ‘झेफिरिन द्रुअँ’ (1868) बिनकाट्याचा म्हणून खूप मागणी असते आणि सावलीसाठी त्याची शिफारसही होते, पण वारा कोंडलेल्या कोपऱ्यात त्यावर भुरी हमखास येते. जिथे हवा खेळती आहे तिथेच तो लावा. सावलीसाठी गुलाब निवडताना आमचा साधा नियम असा : पाकळ्या कमी, फांदी बारीक, वारंवार फुलणारा.

डोळा भरलेली रोपे आम्ही अर्ध्या सावलीच्या गुलाबांत बंद केली, त्याचे कारण खुंट. खुंट जंगली आणि जोमदार असतो. सावलीत वरची जात मंदावली की खालून खुंटाचे फुटवे येतात आणि वर्ष-दोन वर्षांत सगळे झाड खुंटाचेच होते. आधीच घेतलेले कलमी झाड असेल तर सांध्याच्या खालचा फुटवा सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापू नका, माती बाजूला करून मुळापासून ओरबाडून काढा. कापला तर उरलेल्या डोळ्यांतून दोन येतात.

चायना आणि बूर्बोन छाट कलमाने सहज लागतात. नुकत्याच फुलून गेलेल्या फांदीची, चार डोळ्यांची, साधारण सहा इंचांची काडी घ्यायची. चायनाची काडी पेन्सिलीपेक्षा बारीकच असते, त्याने बिघडत नाही. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढायची, खालचे टोक मुळे फुटण्याच्या पावडरीत बुडवून झटकायचे आणि निम्मी धुतलेली जाड वाळू, निम्मे कोकोपीट भरलेल्या पिशवीत दोन डोळे आत जातील इतके खोचायचे. पाच-सहा आठवड्यांत मुळे धरतात. पावसाळ्यात आम्ही हे करत नाही, काड्या काळ्या पडतात. पहिले तीन-चार महिने येणाऱ्या कळ्या खुडतो. हे गिऱ्हाइकाला पटवणे जड जाते, पण या काळात मुळे झाली नाहीत तर पुढे झाड उभेच राहत नाही.

झाडाखालची सावली आणि भिंतीची सावली यांत फरक आहे. झाड ऊन अडवतेच, शिवाय पाणीही पळवते. शेवगा किंवा बहावा यांची सावली विरळ, तिथे जमते. आंब्याखाली किंवा निलगिरीजवळ जमत नाही. झाडाजवळ लावायचेच असेल तर 16 इंची कुंडीत लावा आणि कुंडी विटांवर ठेवा, म्हणजे खालच्या भोकातून झाडाची मुळे आत शिरणार नाहीत. कुंडीसाठी चार भाग लाल माती, तीन भाग पूर्ण कुजलेले शेणखत, दोन भाग जाड वाळू, एक भाग कोकोपीट आणि दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत कच्चे असेल तर त्यातून हुमणी (मुळे खाणारी अळी) येते. निव्वळ काळी माती सावलीत आठवडाभर ओली राहते आणि मुळे गुदमरतात. पाणी वार ठरवून घालू नका. बोट दोन इंच खाली घालून कोरडे लागले तरच द्या.

खत उन्हाच्या प्रमाणात. सहा तासांच्या उन्हातल्या झाडाला जे देता त्याच्या निम्मे. महिन्याला दोन मुठी गांडूळखत पुरते. युरिया देऊ नका.

छाटणीत सर्वांत जास्त नुकसान होते, कारण हायब्रिड टीची पद्धत इथे वापरली जाते. तो गुडघ्याएवढा छाटला तरी उसळून येतो. चायनाचा अन्नसाठा त्याच्या जुन्या फांद्यांत असतो आणि सावलीत तो परत भरायला फार वेळ लागतो. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यात, पाऊस संपल्यावर, वाळलेले आणि एकमेकांवर घासणारे काढायचे आणि उरलेल्या फांद्यांचा जास्तीत जास्त एक तृतीयांश भाग. बूर्बोनच्या लांब फांद्या कापण्याऐवजी वाकवून आडव्या बांधा. टोक खाली गेले की मधल्या सगळ्या डोळ्यांतून धुमारे फुटतात आणि एका फांदीवर आठ-दहा ठिकाणी फूल येते. कमी उन्हात फुले वाढवण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा आम्हाला ठाऊक नाही. छाटणीनंतर साधारण 45 ते 50 दिवसांत बहर येतो.

रोगांबद्दल थोडक्यात. काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजायला पान सलग सातेक तास ओले राहावे लागते, म्हणून पाणी बुडाशी आणि सकाळी घाला, गळलेली पाने उचलून टाका. भुरीला पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला 2 ग्रॅम, तेही उन्हाळ्यात नको आणि नीम तेल फवारल्यावर दोन आठवडे नको, पाने भाजतात. स्लॅबखालच्या गॅलरीत पाऊस पोचत नाही, तिथे लाल कोळी ही बारीक कीड होते. पानांच्या खालच्या बाजूवर आठवड्यातून दोनदा पाण्याचा फवारा मारला तरी बहुतेक वेळा तो आटोक्यात येतो.

आजही आम्ही मोजक्याच जाती ठेवतो आणि प्रत्येक पिशवीवर नावाबरोबर उन्हाचे किमान तास लिहितो. काड्यांची खेप ऑक्टोबरच्या छाटणीनंतर भरली जाते, रोपे मार्चमध्ये तयार होतात. पण अर्ध्या सावलीसाठी घ्यायची असतील तर मार्चमध्ये नेऊ नका. ती आमच्याकडे 50 टक्के शेडनेटखाली उन्हाळा काढतात आणि जूनच्या दोन-तीन पावसांनंतरच आम्ही ती हातात देतो. येताना काठीच्या सावलीवरून मोजलेले उन्हाचे तास कागदावर लिहून आणा.