तुम्ही विचारलंत म्हणून: अकाराजे हा आपलाच वडा का?

अकाराजेचे फोटो बघितले की जवळपास प्रत्येकजण मला हेच विचारतो. ब्राझीलमधल्या बाहिया राज्यात, साल्वादोर शहरात, रस्त्यावर मिळणारा चवळीचा वडा, मधोमध चिरून आत सारण भरलेला. पोर्तुगीज तिकडेही होते आणि गोव्यातही होते, मग गोव्यातूनच नेला असणार ना, असं लोकांना वाटतं. मी कामानिमित्त तिकडे राहून आलेय आणि याचं नीट उत्तर द्यायचं कधीपासून मनात होतं. तर नाही, तो आपल्याकडून गेलेला नाही. आणि तो कुठून आला, कोणी आणला हे कळल्यापासून मला तरी तो नुसता चटपटीत खाऊ म्हणून खाता येत नाही.

आधी करतात कसा ते सांगते. चवळी भरडून भिजत घालतात, मग चोळून चोळून सालं काढायची, वर तरंगतील ती पाण्याबरोबर ओतून द्यायची, परत पाणी, परत चोळायचं, चवळीवरचा तो काळा ठिपकासुद्धा राहता कामा नये कारण पीठ पांढरं हवं. मग वाटायची. कांदा आणि मीठ, संपलं. मिरची नाही, कोथिंबीर नाही, सोडा तर अजिबात नाही, जो काही हलकेपणा येतो तो मोठ्या लाकडी चमच्याने फेटून फेटून येतो आणि त्याला दंडात ताकद लागते. तळायचं देंदेमध्ये, म्हणजे पामच्या फळाच्या गरातून काढलेलं केशरी-लाल तेल. आपल्याकडचं रिफाइंड पामतेल म्हणजे रंग-वास सगळं काढून टाकलेलं, त्यावरून देंदेची कल्पना करू नका. देंदेला स्वतःचा दाट वास असतो, गल्लीच्या तोंडाशीच कळतं की पुढे कढई चढलीये. कढईत एक कांदा टाकून ठेवतात, तेल जळू नये म्हणून.

तळून झाला की चिरायचा आणि आत वातापा भरायचा. पाव, नारळाचं दूध, सुकी कोळंबी, काजू किंवा शेंगदाणे, आलं आणि देंदे एकत्र शिजवून केलेलं घट्ट मऊसूत प्रकरण. शिवाय कारुरू, म्हणजे बारीक चिरलेली भेंडी, तीही सुक्या कोळंबीबरोबर. वर टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, अजून थोडी सुकी कोळंबी, आणि तिखट. हात बरबटतात, रुमाल हातात तयार ठेवायचा.

आता मूळ मुद्दा. हाच चवळीचा वडा नायजेरियात आजही रोज सकाळी तळला जातो, तिथे त्याला अकारा म्हणतात, मक्याच्या किंवा ज्वारी-बाजरीच्या आंबवलेल्या पेजेबरोबर खातात, किंवा पावात घालून, अगदी आपल्या वडापावसारखा. योरुबा लोकांचा हा पदार्थ. चवळी हे पीकच मुळात आफ्रिकेतलं, आपल्याकडे ते हजारो वर्षांपूर्वी तिकडूनच आलं. म्हणजे वडा आपण पाठवला का हे विचारताना जी चवळीची उसळ आपण श्रावणात करतो तिचंच माहेर आफ्रिका आहे, हे आपल्या गावीही नसतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कुठलाही तळलेला पदार्थ दिसला की हा आपलाच असं म्हणायची आपल्याला सवय लागलीये. डाळ किंवा कडधान्य भिजवायचं, वाटायचं, तळायचं ही अक्कल कोणा एकाची नाही, इजिप्तमध्ये बाकल्याचं तामिया करतात, तीळ लावून, आतून हिरवंगार, तेही कोणी शिकवायला गेलं नव्हतं. त्रिनिदादमध्ये डबल्स नावाचा रस्त्यावरचा पदार्थ मिळतो, त्यातली 'बारा' नावाची तळलेली पुरी मात्र खरंच भारतीय मजुरांबरोबर गेलेली आहे, तिथे खुशाल आपली म्हणा.

बाहियात अकारा गेला तो माणसांबरोबर, आणि ती माणसं विकलेली होती. ब्राझीलमध्ये सुमारे 48 लाख आफ्रिकन लोकांना गुलाम म्हणून उतरवलं गेलं, दुसऱ्या कुठल्याही देशात इतके नाहीत. साल्वादोर 1549 पासून 1763 पर्यंत तिथली राजधानी होतं आणि मोठं बंदरही. योरुबा लोक सगळ्यात जास्त आले ते अठराव्या शतकाच्या शेवटापासून पुढच्या काही दशकांत. त्यातल्या बायकांना मालक रस्त्यावर खाणं विकायला पाठवायचे, डोक्यावर ट्रे घेऊन. दिवसाची किंवा आठवड्याची ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, त्यावर जे सुटेल ते तिचं. त्या सुटलेल्या पैशातून काही बायकांनी स्वतःला विकत घेतलं. स्वतःला, मग मुलांना. वर्षानुवर्षं पै पै साठवून. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली 1888 ला, त्याच्या कितीतरी आधी यातल्या काही जणी स्वतःच्या कमाईवर मोकळ्या झाल्या होत्या. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अकाराजेवालीच्या शेजारी स्टुलावर बसलेले होते आणि मला पुढचा घास घेता येईना.

तिथे हा देवाचाही पदार्थ आहे. योरुबा देवतांना मानणारा कांदोंब्ले नावाचा धर्म बाहियात आहे, त्यातली वादळवाऱ्याची देवी इयांसां, तिचा हा नैवेद्य. विक्रीला सुरुवात करायच्या आधी छोटे छोटे अकाराजे देवतांसाठी बाजूला काढणाऱ्या बायका अजूनही आहेत. विकणारीला बायाना म्हणतात, पांढरा लेसचा घेरदार पोशाख, डोक्याला फेटा, गळ्यात मण्यांच्या माळा, आणि त्या मण्यांचे रंग तिच्या देवतेनुसार. दीक्षेच्या विधींचा खर्च पूर्वी याच विक्रीतून काढायचे. या धर्माला तिथल्या पोलिसांनी फार छळलंय, 1976 पर्यंत बाहियात पूजास्थानांना पोलिसांची परवानगी लागायची. त्या सगळ्या काळात या बायका चौकाचौकात देवीचा नैवेद्य उघड तळत होत्या.

आता तुमच्या प्रश्नातला थोडासा खरा भाग. पोर्तुगीज जहाजांमुळे देवाणघेवाण झाली, पण ती बरीचशी उलट्या दिशेने. काजू ब्राझीलचा, तो तिकडून गोव्यात आला. मिरची आणि शेंगदाणा अमेरिकेतले. उपासाचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेचा! बायानाच्या टेबलावर अकाराजेशेजारी तोच कसावा असतो, त्याचे टपोरे दाणे नारळात भिजवून लांबट गोळे तळतात आणि दालचिनी-साखरेत घोळवतात, खाताना मला चतुर्थीच्या साबुदाणा वड्याची आठवण आली, फक्त गोड. आणि कोकादा, म्हणजे नारळाच्या वड्या, पांढऱ्याही आणि गुळासारख्या काळपटही. नारळ मात्र हिंद महासागराकडचा, तो पोर्तुगीजांनी तिकडे नेला. आंबा आणि फणस आपल्याकडचे.

आजची गोष्ट सांगते. 2005 मध्ये ब्राझीलच्या सरकारने राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली ती बायानांच्या कामाची. नुसत्या वड्याची नाही, पीठ फेटणं, पोशाख, टेबल मांडणं, विकणं, हे सगळं कसब. मला हे अगदी योग्य वाटतं, कारण रेसिपी कुठेही छापता येते. तरीही 2014 च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या आधी स्टेडियमच्या आसपास रस्त्यावरच्या विक्रीला मनाई होणार असं दिसायला लागलं, तेव्हा बायाना त्यांच्या पांढऱ्या पोशाखात रस्त्यावर उतरल्या, सह्या गोळा केल्या आणि साल्वादोरच्या फोन्ते नोव्हा स्टेडियममध्ये विकायची परवानगी मिळवली. अजून एक भांडण चालू असतं, काही इव्हँजेलिकल, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे, विक्रेते हाच पदार्थ 'येशूचा वडा' म्हणून विकतात, देवीचं नाव नको म्हणून. कोणीही तळावा, पोटासाठी करतात, माझं काही म्हणणं नाही. पण ज्या देवीच्या आधाराने हा पदार्थ दोनशे वर्षं टिकला तिचंच नाव पुसायचं हे मला पटत नाही आणि पटणार नाही.

दुसरा प्रश्न नेहमीचा, व्हेज आहे का? नुसता वडा व्हेज असतो, चवळी-कांदा-मीठ. वातापा आणि कारुरू दोन्हीत कोळंबी, त्यामुळे ती नको म्हणून सांगायचं आणि फक्त कोशिंबीर आणि तिखट घ्यायचं, कढई आणि चमचे वेगळे असतील अशी अपेक्षा ठेवू नका. 'गरम की थंड' असं विचारलं तर ते तिखटाबद्दल असतं, गरम म्हणजे तिखट घालून. आणि तिथलं तिखट खरंच तिखट असतं, कोल्हापूरवाल्यांनीही पहिल्यांदा थोडंच घ्या.

घरी करायचा तर चवळी रात्रभर भिजवून सालं काढायला निवांत दुपार लागते, मिक्सरला पाणी जवळपास नकोच, आणि फेटताना पीठ पाण्यात टाकल्यावर तरंगलं की झालं. वातापासाठी कोकणातले सोडे एकदम चालतात, काजू आणि नारळाचं दूध घरात असतंच. अडतं ते फक्त देंदेपाशी. शेंगदाण्याच्या तेलात तळून बघितलाय, चांगला लागतो, पण त्याला मी चवळीचा वडाच म्हणते. अकाराजे खायचा तर साल्वादोरला रिओ व्हर्मेल्योच्या चौकात संध्याकाळच्या सुमाराला जा, बायानाशी दोन शब्द बोला, आणि तिला विचारा की हे काम तिच्या घरात कोणापासून चालत आलंय.