आमची वाटचाल : लाल फ्लांड्रिया आणि आमचं दुकान

इचलकरंजीत दादांचं सायकलचं दुकान होतं. नववीत असतानाच मी चाकाचा आऊट काढायला, म्हणजे डगमगणारं चाक सरळ करायला शिकले. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे बेल्जियमला आले, तेव्हा तारा आवळायचा दादांचा पाना सामानात टाकून आणला. आमच्या दुकानात तो अजून रोज हातात असतो.

दुकानाची सुरुवात जुन्या बाजारातल्या एका सायकलीने झाली. 2014 सालची गोष्ट. एका रविवारी 40 युरोला गंजलेली लाल रेसिंग सायकल घेतली, घरच्या स्वयंपाकघरात उघडली. छर्रे झिजले होते, पण फ्रेम सरळसोट. समोरच्या नळीवर नाव होतं, फ्लांड्रिया. शेजारच्या आजोबांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहराच उजळला. दोन तास ते हलले नाहीत.

फ्लांड्रियाचं गाव झेडेलखेम. ब्रुज शहराच्या दक्षिणेला, आमच्या दुकानापासून अर्ध्या तासावर. क्लाइस कुटुंब मूळचं लोहारकाम करणारं. भावांनी सायकलींचा कारखाना उभा केला, पुढे मोपेडही काढल्या. 1956 साली एमे आणि रेमी या भावांचं बिनसलं. वाटणी झाली ती शब्दशः : कारखान्याच्या मधून विटांची भिंत घातली गेली. फ्लांड्रिया हे नाव एमेकडे राहिलं, रेमीने पलीकडच्या बाजूला सुपेरिया नावाने सायकली बनवायला सुरुवात केली. भाऊबंदकी आपल्याकडे काही कमी पाहिलेली नाही, तरी कारखान्यातली ती भिंत ऐकून मला गलबलून आलं.

मग आली फ्लांड्रियाची शर्यतीची वर्षं. त्या काळात लोक घरात रेडिओभोवती बसून निकाल ऐकायचे, असं इथले म्हातारे सांगतात. 1964 मध्ये डच सायकलपटू पेटर पोस्टने फ्लांड्रियाच्या संघातून फ्रान्समधली पॅरिस-रुबे ही शर्यत जिंकली, तीही ताशी 45.129 किलोमीटरच्या सरासरीने. त्या शर्यतीचा हा वेग 2017 पर्यंत कुणी मोडला नाही. दगडी रस्त्यांवरून, पोलादी सायकलीवर! 1973 मध्ये या संघाच्या सायकलींवर जपानच्या शिमानोचे गिअर बसले. युरोपातल्या व्यावसायिक शर्यतीत इटालियन सुट्या भागांचा दबदबा असताना हे धाडसच होतं.

याच संघातल्या बेल्जियन फ्रेडी मार्टेन्सचं नाव निघालं की गिऱ्हाइकं खुर्ची ओढून बसतात. 1976 मध्ये त्याने टूर द फ्रान्सचे 8 टप्पे जिंकले आणि त्याच वर्षी जगज्जेताही झाला. पुढच्या वर्षी स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत 13 टप्पे जिंकून एकूण विजेतेपदही घेतलं. आयर्लंडचा शॉन केलीही 1977 मध्ये याच संघातून व्यावसायिक झाला. 1979 नंतर संघ राहिला नाही, 1981 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. इतक्या पटकन सगळं संपलं, हे मला अजून पटत नाही.

दुकानाच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली. एक आजी नवऱ्याची फ्लांड्रिया घेऊन आल्या. तो जाऊन वर्ष झालं होतं. मी जुना रंग खरवडून नवा लाल दिला, स्टिकर नवे लावले, क्रोम घासून लखलखीत केलं. मला वाटलं, त्या खूष होतील. त्यांनी आडव्या नळीवरून हात फिरवला आणि विचारलं, ‘‘इथला रंग गेलेला होता ना?’’ नवरा वीस वर्षं चर्चच्या भिंतीतल्या त्याच लोखंडी कडीला सायकल टेकवायचा, म्हणून तिथे रुपयाएवढा डाग पडला होता. तो मी पुसून टाकला होता. त्यांनी पैसे दिले, सायकल नेली, पण मागे वळून पाहिलं नाही.

त्या दिवसापासून आम्ही रंग खरवडत नाही. गंज आतून थांबवतो, मेण लावतो, डाग तसेच ठेवतो. छर्रे, केबल, ब्रेकचे रबर, टायर नवे. बाकी जे टिकलंय ते त्याचं त्याचं. यामुळे काही गिऱ्हाइकं परत जातात. जाऊ देत. नवा रंग हवा असलेल्याला दुसरं दुकान आहे.

आज आम्ही दोघं आणि एक शिकाऊ मुलगा, एवढाच पसारा. वर्षाकाठी साठेक सायकली हातून जातात. नवऱ्याने नोकरी सोडली तेव्हा दादा फोनवर फार बोलले नाहीत, फक्त म्हणाले, ‘‘बाई, उधारी लिहून ठेवत जा.’’ ते ऐकलं, म्हणून दुकान चालतं.

सध्या स्टँडवर दोन सायकली शेजारी आहेत. एका बहिणीची फ्लांड्रिया, दुसरीची सुपेरिया. फ्लांड्रिया चालायला लागली. सुपेरियाचा अॅल्युमिनियमचा सीटपाइप पोलादी फ्रेममध्ये असा धरून बसलाय की आठवडाभर हलेना. दादांना व्हिडिओ कॉल लावला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी निरखून पाहिलं. ‘‘ओढू नको. तेल सोड, रोज सोड. मग पाइप शिकंज्यात धर आणि फ्रेम फिरव.’’

आज सकाळी पाइप दोराएवढा हलला.