मन्रोला गेलात तर पुतळा शेवटी बघा

डेट्रॉइटहून टोलेडोकडे जाताना आय-७५ महामार्गावर मन्रो गावाची पाटी आम्ही कित्येक वर्षं पाहत होतो, पण गाडी कधी वळवली नव्हती. गेल्या मे महिन्यात आई साताऱ्याहून आली. तिचा थोरला भाऊ १९६५च्या लढाईत गेला, त्यामुळे फौजी घरातली गोष्ट निघाली की ती हातातलं काम बाजूला ठेवून ऐकते. तिला मी जॉर्ज आर्मस्ट्राँग कस्टरबद्दल सांगितलं: अमेरिकी यादवी युद्धात तेविसाव्या वर्षी ब्रिगेडियर जनरल झालेला घोडदळाचा अधिकारी, पुढे १८७६ मध्ये लकोटा आणि शायेन या मूळ अमेरिकी लोकांशी झालेल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मारला गेला, आणि त्याच्या घरच्यांचं गाव मन्रो इथून तासाभरावर आहे. त्यावर तिचा पहिला प्रश्न आला, "मग त्याच्या आईचं काय झालं गं?"

म्हणून आम्ही सुरुवात वुडलँड दफनभूमीपासून केली. जेरोम स्ट्रीटवर आहे. बहुतेक लोक मन्रोत शिरल्या शिरल्या पुतळ्यापाशी गाडी थांबवतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. माझं ऐकाल तर आधी इथे या. कस्टर इथे नाही, तो न्यूयॉर्क राज्यात वेस्ट पॉइंटला पुरलेला आहे. इथे आहेत त्याचे आईवडील मरिया आणि इमॅन्युएल, धाकटा भाऊ बॉस्टन आणि भाचा ऑटी रीड. कबर कुठे आहे ते निघण्याआधीच फोनवर नकाशात पाहून ठेवा, नाहीतर आमच्यासारखा अर्धा तास दगड वाचत फिरावं लागेल. पावसानंतर गवत ओलं असतं, बूट घालून या.

२५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्नला या एका घरातले पाच जण गेले. जॉर्ज ३६ वर्षांचा. त्याचा धाकटा भाऊ टॉम ३१ चा. यादवी युद्धाच्या अखेरच्या आठवड्यात, ३ आणि ६ एप्रिल १८६५ ला, शत्रूचे झेंडे हिसकावून त्याने दोन मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेतली शौर्याची सर्वोच्च पदकं, मिळवली होती. बॉस्टन २७ चा, सैनिक नव्हता, पलटणीबरोबर पगारावर होता. तो मागे सामानाच्या खेचरांजवळ होता, पण लढाई जुंपणार असं कळल्यावर घोडा दामटून भावांना जाऊन मिळाला. बहीण मार्गारेटचा नवरा जेम्स कॅल्हून. आणि मोठ्या सावत्र बहिणीचा, लिडिया अ‍ॅनचा, मुलगा ऑटी. तो अठरा वर्षांचा होता, उन्हाळ्यात मामाबरोबर मुलूख बघायला म्हणून गेलेला. जॉर्जला लहानपणी आर्मस्ट्राँग म्हणता येत नसे, तो ऑटी म्हणायचा. तेच नाव भाच्याला लागलं.

मी बोटांवर मोजत आईला सांगत होते. मरियाचे तीन मुलगे, एक नातू, एक जावई. लिडियाचे तीन भाऊ आणि पोटचा मुलगा. चोवीस वर्षांच्या मार्गारेटचा नवरा, तीन भाऊ, भाचा. आई बराच वेळ गप्प होती. मग तिने कधी न सांगितलेलं सांगितलं: माझा मामा गेल्याची तार आली तेव्हा घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, पोस्टमन वाचून दाखवायला तयार होईना, शेवटी शाळेतल्या गुरुजींना बोलावून आणलं. लिटल बिगहॉर्नची बातमी 'फार वेस्ट' नावाच्या आगबोटीने जखमींबरोबर बिस्मार्क गावापर्यंत आली आणि तिथून तारेने देशभर गेली. ६ जुलैच्या पहाटे फोर्ट लिंकन या लष्करी तळावर कस्टरची बायको लिबी हिला उठवून सांगण्यात आलं. ते ऐकून घेतल्यावर ती इतर सैनिकांच्या बायकांना सांगायला त्या अधिकाऱ्यांबरोबर गेली.

तिथून गाडी सरळ गावात आणा. लॉरेंजर चौकाच्या आसपास गाडी लावली की पुढचं सगळं पायी होतं, सत्तरीच्या आईलाही जड गेलं नाही. चौकाजवळ फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्च आहे. ९ फेब्रुवारी १८६४ ला जॉर्ज आणि लिबीचं लग्न इथे लागलं. आत जायला मिळेलच असं नाही, पण बाहेरून नीट दिसतं. पुढे मन्रो स्ट्रीटवर काउंटीचं संग्रहालय आहे, जुन्या पोस्ट ऑफिसच्या इमारतीत. ती उभी आहे लिबीच्या माहेरच्या, म्हणजे न्यायाधीश डॅनियल बेकन यांच्या घराच्या जागेवर. ओहायोतल्या लोहाराचा मुलगा जावई म्हणून बेकन यांना पसंत नव्हता. त्यात १८६१ मध्ये रजेवर आलेला कस्टर दारू पिऊन झोकांड्या खात याच घरावरून गेला आणि ते घरातून दिसलं. त्या रात्री लिडियाने त्याच्याकडून शपथ घेतली आणि त्याने पुन्हा दारूला हात लावला नाही. वेस्ट पॉइंटला वर्गात शेवटचा, चौतिसावा, आलेला हा मुलगा १८६३ मध्ये मिशिगनच्या घोडदळ ब्रिगेडचा प्रमुख झाला आणि मगच बेकन लग्नाला राजी झाले.

संग्रहालयाला निदान दीड तास द्या. उघडण्याचे दिवस आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलू शकतात, निघण्याआधी पाहून घ्या. मुलं बरोबर असतील तर त्यांना अ‍ॅपोमॅटॉक्सच्या टेबलाची गोष्ट आधी सांगा: यादवी युद्धाच्या अखेरीस अ‍ॅपोमॅटॉक्सला दक्षिणेच्या सैन्याच्या शरणागतीच्या अटी ज्या टेबलावर लिहिल्या गेल्या, ते जनरल शेरिडन यांनी वीस डॉलरला विकत घेऊन लिबीला भेट दिलं. ते मूळ टेबल मात्र वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आणखी एक गोष्ट मुलांपासून लपवू नका. २७ नोव्हेंबर १८६८ ला पहाटे कस्टरच्या पलटणीने वॉशिटा नदीकाठी शायेन लोकांच्या झोपलेल्या वस्तीवर हल्ला केला. शांततेसाठी झटणारा म्हातारा प्रमुख ब्लॅक केटल आणि त्याची बायको त्यात मारले गेले, बायका-मुलंही मेली. आणि लिटल बिगहॉर्नला पलटण चालून गेली तीसुद्धा नांदत्या वस्तीवरच. तिथे हंकपापा लकोटांचा सरदार गॉल याच्या दोन बायका आणि तीन मुलं सुरुवातीच्या हल्ल्यातच मारली गेली. मरियाच्या कबरीपाशी माझ्या पोटात कालवलं ते खरं, पण गॉलच्या घराचा हिशेब त्याच दिवसाचा आहे. तो सोडून ही सहल केली तर अर्धीच होते.

आता नदीवरचा पूल ओलांडा. पलीकडे मन्रो स्ट्रीट आणि एल्म अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर पुतळा आहे: घोडा एकाएकी थांबवलेला, टोपी हातात, यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईत शत्रू दिसला तो क्षण. ४ जून १९१० ला राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या उपस्थितीत अनावरण झालं, लिबीही आली होती. तेव्हा पुतळा लॉरेंजर चौकात होता, नंतर दोनदा हलवला. चौक रहदारीचा आहे, रस्त्यात उभं राहून फोटो काढू नका, शेजारच्या सेंट मेरीज पार्कमध्ये या. लिबीने पुन्हा लग्न केलं नाही. नवऱ्यामागे ५७ वर्षं जगली, तीन पुस्तकं लिहिली, आणि नव्वदी पार करून १९३३ मध्ये गेली. आज कस्टर ज्या रूपात आठवला जातो, ते बरंचसं तिनेच घडवलं, असं मला वाटतं. आईला पुतळ्यापेक्षा वडिलांची गोष्ट जास्त भावली: कस्टरचा डँडी नावाचा घोडा पलटणीने म्हाताऱ्या इमॅन्युएलकडे पाठवला होता आणि तो त्यावर बसून मिरवणुकांत जायचा.

वेळ उरला तर एल्म अव्हेन्यूनेच पुढे रिव्हर रेझिन रणभूमी आहे, १८१३ च्या लढाईची. तो वेगळा विषय आहे, घाईत उरकू नका. आम्ही त्याऐवजी लेक एरीकाठच्या स्टर्लिंग स्टेट पार्कला गेलो. त्यासाठी गाडीवर रिक्रिएशन पास लागतो. तळ्यावरचा वारा मे महिन्यातही बोचतो, स्वेटर हवाच. शाकाहारी असाल तर डबा न्या. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती तिथल्या बाकावर खाल्ली आणि चारच्या आत परतीला लागलो, कारण त्यानंतर आय-७५ तुंबतो.