सेकंदाला 120 फेरे

नव्या मशीनवर अकरा व्हीएम (एका मशीनच्या पोटात चालणारी आभासी मशीनं) हलवून जेमतेम तीन दिवस झाले होते. सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं तर टीममधला सगळ्यात धाकटा डेव्हलपर माझ्या टेबलापाशी उभा. "दादा, रात्री लावलेलं टेस्ट इम्पोर्ट अजून चालूच आहे. जुन्या मशीनवर वीस मिनिटांत व्हायचं."

जुन्या मशीनला साधी हार्ड डिस्क होती, मिनिटाला 7200 फेरे घेणारी. नव्याला 2 टीबीचा एनव्हीएमई एसएसडी, खोक्यावर सेकंदाला 5000 एमबी असा आकडा छापलेला. तो ड्राइव्ह मीच निवडला होता, त्यामुळे तक्रार चांगलीच झोंबली. व्हीएम चालवणारं नवं सॉफ्टवेअर, प्रॉक्समॉक्स, तेही माझ्याच आग्रहाने आलं होतं आणि सगळ्यांचा पहिला संशय त्याच्यावरच गेला. आधीचंच सॉफ्टवेअर परत टाकू या का, असं दुपारपर्यंत दोघांनी विचारूनही झालं.

संशय फेडायचा तर व्हीएम आधी बाजूला काढायला हवं होतं. म्हणून थेट होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, एफआयओ हे डिस्कचा वेग मोजणारं साधन चालवलं: 4 केबीचे तुकडे, एका वेळी एकच, आणि प्रत्येक तुकड्यामागे एफसिंक. एफसिंक म्हणजे डेटाबेसने डिस्कला "पक्कं उतरलं का?" असं विचारायचं आणि हो येईपर्यंत थांबायचं. प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंद पक्की करताना, हे घडतं. खोक्यावरचा वेग मोठी फाइल सलग लिहितानाचा असतो, त्यावरून या कामाचा अंदाज येत नाही. आमचा आकडा आला सेकंदाला 400 तुकड्यांच्या आसपास. व्हीएमच्या आतून मोजलं तरी जवळपास तेवढाच. प्रॉक्समॉक्स सुटलं.

खणात एका निकाली काढलेल्या सर्व्हरमधला 480 जीबीचा साटा (जुन्या, संथ जोडणीचा) एसएसडी पडून होता. साटाची धाव सेकंदाला 550 एमबीच्या आसपास संपते, म्हणजे कागदावर हा नव्याच्या पासंगालाही पुरणार नाही. त्याच चाचणीत त्याने 7000चा टप्पा ओलांडला. मी दोनदा मोजलं. या सर्व्हरच्या ड्राइव्हमध्ये बोर्डावर कपॅसिटर बसवलेले असतात. वीज गेली तरी स्वतःच्या रॅममधलं सगळं फ्लॅशवर उतरवण्याइतका चार्ज त्यांच्यात असतो, म्हणून मजकूर रॅममध्ये पोचताच ड्राइव्ह "हो" म्हणू शकतो, आणि ते खरंही असतं. साध्या ड्राइव्हला प्रत्येक वेळी फ्लॅशपर्यंत जावं लागतं. त्यात आमचा नवा ड्राइव्ह क्यूएलसी, एका सेलमध्ये चार बिट कोंबणारा, लिहायला आणखी मंद.

इथवर सगळं जुळलं. मग त्या पोराने विचारलं, "पण दादा, हार्ड डिस्कला तर कपॅसिटर नव्हते. तिथे कसं पळत होतं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही जुन्या मशीनवरच्या व्हीएममध्ये तीच चाचणी लावली. सेकंदाला 3100. मी कागदावर 7200 भागिले 60 केलं. सेकंदाला 120 फेरे. एक नोंद पक्की झाल्याशिवाय दुसरी लिहायची नाही असं ठरवलं, तर ती जागा डोक्याखाली परत यायला साधारण एक फेरा जातोच. 3100 पक्क्या नोंदी त्या डिस्कला शक्यच नव्हत्या. मधे कोणीतरी परस्पर "हो" म्हणत होतं.

जुन्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका उघडली. वेगासाठी व्हीएमकडून येणाऱ्या फ्लशच्या ("डिस्कवर पक्कं उतरव" अशा) विनंत्या एरवी दुर्लक्षिल्या जातात, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पोटात गोळा आला. गेली चार वर्षं टीमचा तक्रारींचा डेटाबेस त्याच मशीनवर होता.

खात्री करायलाच हवी होती. सगळ्याचा बॅकअप घेतला, एका व्हीएमची प्रत केली आणि तिच्यात छोटी स्क्रिप्ट लावली: एक नोंद टाक, कमिट कर, कमिट झालं की तिचा क्रमांक माझ्या लॅपटॉपवर पाठव. मग भिंतीतला प्लग ओढला. लॅपटॉपवर शेवटचा आकडा 18642. मशीन परत सुरू केलं, तर डेटाबेसमधली शेवटची नोंद 16931. झाल्या म्हणून कळवलेल्या 1711 नोंदी कुठेच नव्हत्या. आम्ही दोघं थोडा वेळ त्या आकड्यांकडे नुसतं बघत राहिलो.

प्रॉक्समॉक्समध्येही डिस्कच्या कॅशेला "राइट बॅक अनसेफ" असा पर्याय आहे, तो लावला की आपलंही मशीन पळेल, असं त्याने मधेच सुचवलं. "अरे, नाव तरी वाच," मी म्हटलं. "नो कॅशे" हीच मूळ सेटिंग राहू दिली.

ऑर्डरचा मेल त्याच संध्याकाळी लिहिला. कपॅसिटरवाले एम.2 (थेट बोर्डावर बसणारे) ड्राइव्ह बहुतेक 110 मिमी लांब असतात आणि आमच्या बोर्डावर जागा 80 मिमीची, म्हणून साटाच घ्यायचे: 960 जीबीचे दोन टीएलसी (सेलमध्ये तीनच बिट), झेडएफएस मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. क्यूएलसीवर आयएसओ (इन्स्टॉल करायच्या फाइली) आणि व्हीएमचे टेम्प्लेट. बॅकअपला एक हार्ड डिस्क, पण सीएमआरच, म्हणजे ट्रॅक सुटे असणारी. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे थोडं बदललं तरी शेजारचं पुन्हा लिहावं लागतं. सॉफ्टवेअर बदलायचा विषय निघाला, पण फार टिकला नाही. ईएसएक्सआय या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती 2024च्या फेब्रुवारीत बंद झाली आणि 2025मध्ये परत आली. पुन्हा असं झालं तर सगळी व्हीएम हलवायची माझी तयारी नव्हती. प्रॉक्समॉक्सच्या पोटातलं, व्हीएम प्रत्यक्ष चालवणारं केव्हीएम 2007पासून लिनक्स कर्नलमध्ये आहे.

मेल पाठवण्याआधी खणातला ड्राइव्ह नव्या मशीनला जोडला, व्हीएमची तीच प्रत त्यावर ठेवली आणि स्क्रिप्ट सुरू केली. या वेळी प्लग त्याला ओढायला सांगितला. लॅपटॉपवर आकडा थांबला: 9417. मशीन वर येईपर्यंत कोणी बोललं नाही. त्याने क्वेरी टाकली आणि मान न वळवता वाचलं, "9417, दादा."

मी मेल पाठवला. मग तक्रारींचा डेटाबेस हलवायला घेतला.