नव्वद सेकंदांनंतरची पेशी

एका आरोग्य संस्थेसाठी केलेली, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरची फिल्म गेल्या महिन्यात पुण्यात पहिल्यांदा दाखवली. तिथे एका मुलाने विचारलेला प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

फिल्म ९० सेकंदांची. त्याहून एक सेकंद जास्त नको, हा संस्थेचा हट्ट. माझं काम रेणू हलते करून दाखवण्याचं. त्यांचे आकार मी मनाने काढत नाही. प्रयोगातून मिळालेल्या अणूंच्या जागा प्रोटीन डेटा बँकेत नोंदलेल्या असतात, त्या ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायच्या. हिमोग्लोबिन म्हणजे तांबड्या पेशीतलं ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन; सिकलसेलमधल्या त्याच्या रूपाची नोंद ‘२एचबीएस’. पण नोंद म्हणजे स्थिर ठसा. हालचाल आपण घालायची असते, आणि खोटं शिरतं ते तिथूनच.

हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांत मिळून ५७४ अमिनो आम्लं, म्हणजे साखळीच्या कड्या. सिकलसेलमध्ये त्यातली दोनच बदलतात: दोन्ही बीटा साखळ्यांत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. ग्लुटामिक आम्लाला पाण्याची ओढ, व्हॅलिन पाणी टाळतं. ऑक्सिजन सुटला की रेणूचा आकार बदलतो आणि हे व्हॅलिन शेजारच्या रेणूवरच्या खाचेत जाऊन बसतं. एकाला एक लागत चौदापदरी दोर तयार होतो. असे दोर लांबत जाऊन तांबड्या पेशीला आतून ताणतात, विळ्यासारखी वाकवतात.

ते खाचेत बसणं पडद्यावर चार सेकंदांचं. मी त्यावर ११ दिवस घालवले. बहुतेक फिल्मांत रेणू फलाटाला गाडी लागावी तसा सरळ येऊन चिकटतो. मला ते बघवत नाही. त्याला कोणी बोलावलेलं नसतं. चहूबाजूंनी पाण्याचे रेणू आदळत असतात, तो थरथरतो, गरगरतो, चुकीच्या बाजूने धडकून परत फिरतो आणि कधीतरी योग्य बाजू समोर येते. एका तांबड्या पेशीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिन रेणू दाटीवाटीने असतात. सगळे दाखवले तर काहीच दिसणार नाही, म्हणून बहुतेक लपवले आणि उरलेले फिकट सावल्यांसारखे ठेवले. त्या शॉटचा मला अभिमान आहे, आजही.

प्रेक्षकांत नंदुरबारहून आलेल्या आशाताई, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या आणि पुण्यात वसतिगृहात राहून शिकणारी काही मुलं. फिल्म संपली. धडगावकडचा एक मुलगा उभा राहिला. त्याला स्वतःला सिकलसेल आहे.

“ताई, म्हणजे वाकलेली पेशी परत सरळ होतच नाही?”

शेवटच्या चौकटीत वाकलेली पेशी थिजलेली होती आणि लगेच संस्थेचं बोधचिन्ह. त्याने जे पाहिलं तेच विचारलं.

सरळ होते. फुफ्फुसात ऑक्सिजन मिळाला की रेणू पुन्हा आकार बदलतात, दोरात मावत नाहीत, दोर विरघळतो. माझ्या पहिल्या संहितेत हे होतं. वेळेत बसेना म्हणून कापायला सांगितलं आणि मी भांडले नाही.

त्याला समजावून सांगितलं, तर त्याचा पुढचा प्रश्न: “मग डॉक्टर सारखं पाणी प्यायला का सांगतात?” पेशीतलं पाणी घटलं की रेणूंची दाटी वाढते. दाटी वाढली की दोर बनायला लागणारा वेळ झपाट्याने घटतो, जवळजवळ दाटीच्या ३०व्या घाताने. दाटी थोडी जरी कमी राहिली तरी दोर बनायच्या आत पेशी बारीक रक्तवाहिन्यांतून निसटून फुफ्फुसाकडे जाऊ शकते. मुलाने हे वहीत लिहून घेतलं. शेजारच्या एक आशाताई म्हणाल्या, “हेच दाखवा की आम्हाला, गावात हेच विचारतात.”

संस्थेचे समन्वयक म्हणाले, “तोच शॉट उलटा चालवा, झालं.” विज्ञानाच्या फिल्मला पैसे देणाऱ्या अनेकांना चित्र म्हणजे सजावट वाटते. उलटा चालवला तर आधी दोर सुटेल आणि मग ऑक्सिजन येईल. कारण मागून आणि परिणाम आधी. पाणी प्यायचं कारण तर त्यात येणारच नाही.

नवा शॉट आता मी स्वतःच्या वेळेत करतेय. ऑक्सिजन आधी येतो, रेणू एकेक करून सुटतात, पेशी गोल होते. पण पुन्हापुन्हा वाकून काही पेशींचं आवरण कायमचं बिघडतं, त्या मग ऑक्सिजन मिळूनही सरळ होत नाहीत. हेही खरं आहे, आणि फिल्म तो मुलगाही बघणार आहे. पेशी किती वेळा सरळ होताना दाखवायची आणि ती न होणारी पेशी कुठे आणायची, हे अजून ठरत नाहीये.